डेंग्यू : ताप उतरला, आता परत सीबीसी कशाला?

बी-४०२ : नमस्कार मंडळी. आमच्या चिरंजीवांना (वय ८) सोमवारपासून ताप होता, एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली. आज सकाळपासून ताप नाही. तरी डॉक्टरांनी उद्या परत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सांगितलंय. प्लेटलेट ९५ हजार आहेत. पुन्हा सुई टोचायची गरज आहे का? पपईची पानं कुणाकडे आहेत का?

ए-१०४ : गावाहून उद्या येतायत, पाठवते. ताप गेला ना, मग सुटलात!

सी-२०१ (बालरोगतज्ज्ञ) : काकू, राग मानू नका, पण डेंग्यूत "सुटलात" हे ताप उतरल्यावर दोन दिवसांनी म्हणायचं. ताप असतो तेव्हा विषाणू जोरात असतो. धोक्याचा काळ सुरू होतो तो ताप उतरताना. तेव्हा रक्तातले विषाणू कमी होत असतात, पण त्यांच्याशी लढताना शरीराने सोडलेल्या रसायनांमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं. रक्त दाट होतं, बीपी पडतं. हे २४ ते ४८ तास चालतं आणि लहान मुलांच्या वाहिन्या मोठ्यांपेक्षा लवकर पाझरतात. म्हणून रिपोर्टमध्ये प्लेटलेटइतकंच पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघा. तो चढत असेल आणि प्लेटलेट पडत असतील, तर पाझर सुरू झालाय असं समजा. पपईच्या पानांच्या रसाने हा पाझर थांबत नाही. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या वर असताना सहसा चढवतही नाहीत, तेव्हा दात्यांसाठी मेसेज फिरवू नका.

याला आधी कधी डेंग्यू झाला होता का?

बी-४०२ : हो ताई, दोन वर्षांपूर्वी. साधाच होता. एकदा झाला की परत होत नाही असं ऐकलं होतं.

सी-२०१ : डेंग्यूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराचा झाला, तो परत होत नाही. बाकीच्या तिघांपासून संरक्षण काही महिनेच टिकतं. नंतर दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर जुन्या अँटीबॉडी त्याला धरतात पण मारू शकत नाहीत, उलट पेशींच्या आत जायला वाट करून देतात. १९६० च्या दशकात बँकॉकच्या मुलांमध्ये स्कॉट हॉलस्टेड यांनी हे दाखवलं. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर मुलांना डेंग्यूची लस दिली. आधी डेंग्यू न झालेल्या मुलांना लशीनंतर तो जास्त तीव्र होऊ शकतो, हे कंपनीनेच २०१७ मध्ये सांगितलं. दुसऱ्या वेळी बहुतेक मुलं बरी होतात, पण लक्ष दुप्पट हवं.

आत्ता पोट दुखतंय का? उलट्या? शू शेवटची कधी झाली? आणि नख पाच सेकंद दाबून सोडा, गुलाबी व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का बघा.

बी-४०२ : पोट दुखतंय म्हणतो. दुपारपासून तीनदा उलटी. शू सकाळी सातनंतर नाही. हातपाय गार आहेत. नखाला वेळ लागतोय.

सी-२०१ : उद्याची वाट बघू नका, आत्ता निघा. मुलांचा आयसीयू असेल तिथेच जा. पॅरासिटामॉल सोडून कुठलीही गोळी नको, आयब्युप्रोफेन तर अजिबात नको. रिपोर्ट सोबत घ्या. मी खाली येतेय.

सचिव : दादा, गाडी गेटवर लावली आहे.

ए-१०४ : धाकटीला माझ्याकडे सोडा, जेवण-झोप मी बघते.

सचिव : सगळ्यांसाठी : उद्या सकाळी कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे पिंप रिकामे करून घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. डासांची फवारणीही मागवली आहे.