लॉनवर परत तांबडी माती? (सोसायटी ग्रुप, बेळगाव)

बी-३ काकू: सकाळी तांबड्या मातीचा टेम्पो आत आला तो कुणाला विचारून? मागच्या वर्षीच्या मातीतून आलेला लव्हाळा मी अजून उपटतेय. वरची पात हातात येते, गाठ खालीच राहते, आठ दिवसांत परत कोंब.

सेक्रेटरी: काकू, कमिटीत ठरलं होतं. पाडव्याच्या आत लॉन हिरवं व्हायला पाहिजे.

बी-३ काकू: कमिटी म्हणजे तुम्ही आणि ए-४, दोघंच.

ए-४: मला कशाला ओढताय? मी फक्त टेम्पोवाल्याचा नंबर दिला.

ए-१ आप्पा: माती टाकू नका. आहे ती मोकळी करा.

सी-२ दादा: युरिया मारूया की आप्पा, लगेच हिरवंगार.

ए-१ आप्पा: पात हिरवी होईल, मूळ खाली जायला नको? काल पाणी मारून झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघितला. कुंपणाकडं मुठीपर्यंत गेला. मांडव होता तिथं दोन बोटंसुद्धा जाईना. पाणी मुरतच नाही, सरळ गटारात.

बी-४ अक्का: मांडव आमच्या लग्नाचा म्हणून बोलताय होय? भाडं भरलंय. पावती आहे.

ए-१ आप्पा: अक्का, तुम्हाला एकट्याला नाही म्हटलं. क्रिकेट, स्कूटर, मांडव, सगळ्यांनीच तुडवलंय.

सी-१: आलं क्रिकेटचं नाव! पोरांनी काय रस्त्यावर खेळायचं?

सी-२ दादा: पोरांना खिळ्यांचे बूट द्या, भोकं आपोआप पडतील 😄

ए-१ आप्पा: बारीक खिळ्यानं बाजूची माती आणखी दाबली जाते बाबा. जाड दात्यांचा फोर्क घ्यायचा, तीन-चार इंच खोल, चार-चार बोटांवर, खुपसून जरा हलवायचा. माती ओलसर पाहिजे, चिखल नको. मग चाळलेलं कुजलं शेणखत आणि वाळू झाडूनं भोकांत लोटायची. थर अर्ध्या इंचाच्या वर नको, गवताची टोकं दिसली पाहिजेत.

बी-२ ताई: हिडकल धरणाचं पाणी उद्या आहे की परवा?

सेक्रेटरी: परवा. ताई, लॉनचं चाललंय.

बी-२ ताई: मग विचारते. रंगकामाचा चुना उरलाय, टाकू का? आपली माती आंबट असते म्हणतात.

ए-१ आप्पा: खानापूरकडं पाऊस जोराचा, मातीतला चुना धुऊन जातो, म्हणून तिकडची तांबडी माती आंबट. सौंदत्ती, गोकाककडच्या काळ्या मातीचं तसं नाही. बिल्डरनं आपल्या भरावाला कुठली आणली ते कुणी बघितलंय? पाच-सहा जागची माती एकत्र करून तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्र मत्तीकोप्पला आहे, तिथं विचारा. तोवर चुना नको. रंगाचा तर नकोच, गवत करपतं.

सी-२ दादा: आणि युरिया?

ए-१ आप्पा: नवी पात धरल्यावर. चौरस मीटरला १० ग्रॅमच्या वर नको, लगेच पाणी. चुना लागलाच तर दोन्ही एकदम नको, युरियातलं नत्र हवेत उडून जातं.

ए-४: माळी रोज संध्याकाळी पाणी मारतोयच की.

ए-१ आप्पा: नुसतं शिंपडतो. मुळं वरच राहतात, मेमध्ये जळतात. पहाटे द्यायला सांगा, चार-पाच दिवसांनी, पण खोल. आणि माती टाकू नका.

सेक्रेटरी: ऐकलं आप्पा. पण टेम्पोचे पैसे दिलेत, ते कुणाच्या खिशातनं?

बी-३ काकू: पार्किंगमागचा खड्डा भरा त्यानं. लव्हाळा आला तर तिथं येऊ दे.

सेक्रेटरी: बरं. रविवारी सकाळी सातला फोर्क घेऊन या. वळीव यायच्या आत गवत धरलं पाहिजे. तोवर लॉनवर खेळणं बंद.

सी-१: पोरांना मी सांगतो. स्कूटर लावणाऱ्यांना कोण सांगणार?

ए-४: नाव घ्या की सरळ.