शब्द हवा: तार काढल्यावर दात पुन्हा वाकडे होतात, त्याला काय म्हणावं?

दवाखान्यात ठेवायचं एक माहितीपत्रक मराठीत लिहितेय. विषय असा की चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) काढून, तार लावून सरळ केलेले दात पुढे किती टिकतात. 'रिलॅप्स'ला येऊन अडले. उलटणे, मूळपदावर येणे, पुनरावर्तन यांतलं काय घेऊ?

प्रतिसाद: 'उलटणे' घ्या. ताप उलटला, दुखणं उलटलं असं आपण म्हणतोच. 'पुनरावर्तन' पेशंटला कळणार नाही.

प्रतिसाद: मला 'उलटणे' पटत नाही. 'दात उलटला' वाचून दात आडवा झाला असं वाटेल. आणि 'मूळपदावर येणे' दिसायला छान असलं तरी सगळीकडे खरं नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या उपदाढा काढलेले पेशंट वर्षानुवर्षं तपासले. १९८१च्या अभ्यासात ६५ जण होते. रिटेनर (तार काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून लावायची क्लिप) बंद करून किमान १० वर्षं झाल्यावर त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचे खालचे पटाशीचे दात समाधानकारक राहिले नव्हते. १९८८मध्ये ३१ जणांना २० वर्षांपर्यंत पाहिलं, तेव्हा जेमतेम १० टक्क्यांची रांग चालण्याजोगी उरली होती. जागा करायला दात काढले म्हणून रांग टिकेल, हा भरवसा तिथे सुटतो.

पण हे सगळं 'परतणं' नव्हे. जन्मात तार न लावलेल्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटत जातात, सुळ्यांमधलं अंतर कमी होतं. म्हणजे एकाच इंग्रजी शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. फिरवून सरळ केलेला दात हिरडीतल्या ताणलेल्या तंतूंमुळे मागे वळतो, त्याला 'परतणे' म्हणा. वयाची ती 'दाटी वाढणे'. पत्रकात दोन्ही वेगळं लिहा, नाहीतर पेशंटला वाटतं डॉक्टरांनी काम कच्चं केलं.

माझ्या भाचीचंच सांगते. तीन आठवडे तिने क्लिप लावली नाही. चौथ्या आठवड्यात ती बसेना, अंगठ्याने दाबावी लागली, आणि खालच्या एका दाताचा कोपरा शेजारच्यावर नखभर चढलेला. ती रडकुंडीला येऊन विचारत होती, 'पण माझे दात कायमचे सरळ झाले होते ना?'

प्रतिसाद: त्या 'कायमचे'वरही लक्ष द्या. मराठीत 'कायमचे दात' म्हणजे दुधाचे पडल्यावर येणारे. 'कायमचे दात सरळ होतात' आणि 'दात कायमचे सरळ होतात' यांत दोन शब्दांची अदलाबदल, पण दुसरं वाक्य खोटं आश्वासन आहे.

मूळ लेखिका: हे मोलाचं निघालं. 'स्थैर्य'ही काढते, 'टिकणे' पुरे. 'रिटेनर' तसाच ठेवते, पुढे 'म्हणजे रात्रीची क्लिप' असं लिहिते. आता वाक्य असं झालंय: 'तार काढल्यावर फिरवलेले दात परतू पाहतात आणि वयाबरोबर खालच्या दातांत दाटी वाढते. डॉक्टर सांगतील तितकी वर्षं क्लिप लावा.'

प्रतिसाद: 'परतू पाहतात' फार चांगलं. तेच ठेवा.