मदत हवी आहे : एकुलता एक नर, आणि पोट उघडायचं धाडस होत नाही

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळ घरच्या परसात पिवळ्या वाट्यांत साबणाचं पाणी ठेवलं होतं. त्यात जेमतेम दीड मिलिमीटरच्या, पाठीला कुबड असलेल्या तीन माश्या मिळाल्या. फोरिडी कुळातल्या, बहुधा मेगासेलिया या प्रजातीतल्या (genus). हाती असलेल्या कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत. पण या एकाच प्रजातीत दीड हजारांवर जाती (species), त्यामुळे 'नवीन' म्हणायला जीभ रेटत नाही. (याच कुळातली थायलंडची ०.४० मिमीची माशी २०१२ साली नोंदली गेली, तिच्यापुढे माझ्या म्हणजे हत्तीच!)

खरी अडचण अशी की माद्या दोन, नर एकच. ओळख पटणार नराच्या जननांगांवरून. आतले मऊ भाग विरघळवायला उदर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करू की रात्रभर थंडच ठेवू? सरावाला घरमाशीवर प्रयत्न केला, तिचा लगदा झाला. डीएनएसाठी पाय आधी काढून ठेवावा का? आणि होलोटाइप (नव्या जातीचं वर्णन ज्यावर आधारतं तो मूळ नमुना) स्लाइडवर चढवू की अल्कोहोलमध्येच ठेवू? नमुने पुण्याला, आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात जमा करायचा विचार आहे. हे काम हाताने केलेल्या कुणी सांगेल का? फोटो उद्या टाकते.