सोबती घेतला म्हणून बॉस सोपा होत नाही

व्हिडिओ गेममधल्या बॉसबद्दल, म्हणजे मोठ्या तगड्या शत्रूबद्दल, काही जण म्हणतात, "सोबत्याला बोलावलं की बॉसला हरवण्यात काही दम उरत नाही". हे मत मला तरी पटलं नाही. एल्डन रिंगच (२०२२) घ्या. त्यातल्या मार्गिट या बॉसच्या दाराशी सोनेरी खुणेवरून रॉजियर नावाच्या सोबत्याला बोलावता येतं, पण तो आला की बॉसची हेल्थही वाढते. फुकटात काही नाही. राखेतून बोलावलेल्या आत्म्यांनी (हे गेममधले दुसऱ्या प्रकारचे सोबती) मात्र ती वाढत नाही, म्हणून नवख्यांनी खुशाल त्यातले तीन लांडगे वापरावेत. तिघं मिळून मार्गिटला घेरतात, त्याचं लक्ष तिकडे गेलं की तुम्हाला हेल्थ भरून काढणाऱ्या फ्लास्कचा घोट घ्यायला फुरसत मिळते. पण तो काठी उगारतो आणि मुद्दाम थांबतो ना, तिथे लांडगे काय करणार? काठी खाली येईपर्यंत कळ काढायची आणि मग वार चुकवायला लोळण घ्यायची, हे आपलं आपल्यालाच जमवावं लागतं. घाई केली की गेलात.

गॉड ऑफ वॉर (२०१८) या गेममधला सोबती, म्हणजे नायकाचा मुलगा अट्रेयस, मला यापेक्षा जास्त आवडतो. त्याने बाण कुणावर आणि कधी मारायचा ते बहुतेक वेळा आपण बटण दाबून सांगतो, आणि त्या बाणांनी शत्रूची स्टनची (तो सुन्न होण्याची) पट्टी भरत जाते. वाल्कीरी या बॉसशी लढताना तर लाल वर्तुळ दिसलं की ढाल कामाची नाही, बाजूला व्हायचं, आणि त्याच गडबडीत पोराला बाणही सोडायला लावायचे. डोक्याला कामच वाढतं हो! बाकी त्याची मधली बडबड कधीकधी डोकं उठवते, ते मान्य.