अकरा वर्षं कराटे, आणि हातातली भुर्जीची पिशवीसुद्धा सुटली नाही

गोदाकाठ:

आधी काय झालं ते सांगतो, प्रश्न शेवटी आहे.

मी नाशिकचा, वय ४३. गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री दहाच्या सुमारास सिडकोत एका गाडीवरून दोन भुर्जी-पाव पार्सल घेतले. वळून बघतो तर माझ्या अ‍ॅक्टिव्हाला आडवी बुलेट लावलेली आणि तिच्यावर बावीस-तेवीसचा पोरगा रेलून मोबाइल बघतोय. 'जरा गाडी घे ना बाजूला' म्हणालो. वर न बघताच 'थांब की' म्हणाला. मी पुन्हा सांगितलं आणि वर 'रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का' हेही जोडलं. ही माझीच चूक, मान्य. तो उठला आणि छातीला छाती लावून 'काय बोलला? परत बोल' सुरू झाला. मी सगळं लक्ष त्याच्या खांद्यांवर ठेवलं. हात हलायच्या आधी खांदा हलतो, असं क्लासमध्ये घोकून घेतलेलं. त्याचा खांदा हललाच नाही. कानाखाली आली ती डावीकडून, त्याच्या मित्राची. तो मित्र तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. चष्मा उडाला. मग मांडीवर लाथ, एक धक्का, आणि मी अ‍ॅक्टिव्हावर आडवा. भुर्जीवाला हातातलं उलथनं घेऊनच मध्ये आला, 'ए, धंद्याजवळ नको!' पोरं हसत निघून गेली. सगळं मिळून पंधरा सेकंद.

या पंधरा सेकंदांत माझा उजवा हात भुर्जीची पिशवी धरून होता. नुसती धरून नव्हे, सांडू नये म्हणून सरळ धरून! नंतर गाडीला चावी लावायला गेलो तर ती भोकात जाईना. तीनदा प्रयत्न केला, शेवटी भुर्जीवाल्यानेच लावून दिली.

आता मूळ दुखणं. मी सातवीपासून कॉलेज संपेपर्यंत शोतोकान कराटे केलंय. २००१ मध्ये ब्लॅक बेल्ट, शोदान. काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली, आजही डोळे मिटून करतो. पण जोडीच्या सरावात, इप्पोन कुमितेत, समोरचा आधी 'जोदान!' असं ओरडून सांगतो, म्हणजे तोंडावर येतोय. मग एक पाऊल टाकून सरळ ठोसा मारतो आणि हात तसाच लांब ठेवून उभा राहतो. मी अडवायचं, उलटा ठोसा मारायचा, सर 'यामे' म्हणाले की दोघांनी वाकायचं. अकरा वर्षं हे केलं. मला आजवर कुणी 'जोदान' ओरडून कानाखाली मारलेली नाही.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, 'बाबा, तू का नाही मारलंस?' ती आठवीत आहे, आणि जूनमध्ये तिला माझ्याच जुन्या क्लासला घालायचं ठरलं होतं. घालू का? की बॉक्सिंग, ज्युडो, कुस्ती असं काही? की हे सगळं नुसतं व्यायामापुरतंच धरायचं?

तांबडी माती:

भावा, कानाचा पडदा तपासून घेतलास का? नसशील तर उद्या जा. बाकी सगळं मागनं.

मी कोल्हापूरचा. सहावी ते बारावी तालमीत होतो, पुढं नोकरीत सुटलं. तालमीत वस्ताद डाव सांगणार पाच-दहा मिनिटं, उरलेला सगळा वेळ झोंबी. नुसत्या खडाखडीतच समोरच्याचा पंजा मानेवर असा आदळतो की तुझी ती चापट मऊ वाटावी. पहिले सहा महिने रोज कुणीतरी माझं तोंड मातीत घासायचा. डाव मला फारसे आलेच नाहीत. धोबीपछाड आजपण धड बसत नाही. पण माणूस अंगावर आला की डोकं बंद पडायचं, ते थांबलं. तुझ्या कराट्यात शिकवणी होती, झोंबी नव्हती. एवढाच फरक आहे बघ.

ज्युडोचं विचारलंस म्हणून सांगतो, माझी भाची करते. जिगोरो कानोनं १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान काढलं, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले हाडं मोडायचे, इजा करायचे प्रकार मोकळ्या झटापटीतनं बाजूला काढले. लोकांना वाटतं धार गेली. उलटं झालं. जे राहिलं ते समोरचा जीव तोडून विरोध करत असताना रोज पूर्ण ताकदीनं करता यायला लागलं. त्याला रांदोरी म्हणतात, म्हणजे आमची झोंबीच. डोळ्यात बोट घालायचा डाव तू वीस वर्षं हवेत करशील, खऱ्या डोळ्यात एकदातरी घातलायस का?

आणि हे पण ऐक. रस्त्यावर कुस्ती करू नये. आमच्या हौद्यात तेल, ताक, हळद घालून मुरवलेली माती असते, रस्त्यावर डांबर. आमच्यातल्याच एकानं वरातीत कुणालातरी उचलून टाकला. पडणाऱ्याचं डोकं कठड्याला लागलं. तो वाचला. पण आमचा गडी पुढची सात वर्षं कोर्टाच्या तारखांना जात होता. त्यात त्याची भरती गेली, लग्न लांबलं. वस्ताद त्याला परत तालमीत पाय ठेवू देईनात.

रात्रपाळी:

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, अपघात विभागात १७ वर्षं. मारामारी मला फक्त दुसऱ्या टोकाकडून दिसते.

शनिवारी रात्री हमखास दिसणारं म्हणजे सुजलेला उजवा हात. करंगळीच्या मुळाशी तळहातातलं हाड मोडलेलं असतं. समोरच्याच्या कवटीवर मूठ मारली की तेच होतं. पोरगं सांगतं 'दरवाज्यात अडकला'. आम्ही लिहून घेतो.

वर डांबराचं लिहिलंय ते अगदी खरं. ठोसा बऱ्याचदा किरकोळ असतो, माणूस उभ्याचा मागे पडतो आणि डोकं जमिनीवर आपटतं, इजा त्याची असते. उठून बसतो, बोलतो, घरी जातो, आणि काही तासांनी उलट्या, गुंगी. गोदाकाठ, तुम्ही गाडीवर पडलात हे नशीब समजा.

चाकूचं वेगळंच. 'पोटात बुक्की मारली हो' म्हणत चालत आलेला माणूस मी पाहिलाय. शर्ट वर केला तेव्हा त्याला कळलं. चाकू सोडवायचे डाव क्लासमध्ये रबरी चाकूने शिकवतात. एकदा पांढरा बनियन घालून मुलीच्या हातात लाल स्केचपेन द्या आणि तुमचे डाव करून बघा. मग ठरवा.

चावी लागेना म्हणालात, त्याला घाबरटपणा समजू नका. अ‍ॅड्रेनलीन चढलं की बोटांची बारीक कामं आधी जातात. आमच्या नवीन मुलींनाही पहिल्या मोठ्या केसला सुईचं झाकण निघत नाही. सवयीने सुधारतं, पूर्ण जात नाही.

काळा कोट:

कायद्यापुरतं सांगते. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पळून जायलाच हवं होतं असं कायदा म्हणत नाही. अंगावर आलेल्या हल्ल्याला दिलेलं उत्तर सोन्याच्या तराजूत तोलायचं नसतं, हेही सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. पण गरजेपेक्षा जास्त इजा नको (कलम ३७), आणि हक्क धोका आहे तोवरच (कलम ४०). पोरं हसत पाठ फिरवून निघाल्यावर तुम्ही मागून एक ठेवून दिली असती, तर ते स्वसंरक्षण नव्हतं. आणि समोरच्या वकिलाने तुमचा ब्लॅक बेल्ट काढून दाखवलाच असता.

'तुझ्या बापाचा' हे वाक्य एफआयआरमध्ये वाचायला फार वाईट दिसतं बरं का.

निळी ओढणी:

सगळ्यांचं वाचलं. पण प्रश्न मुलीचा आहे आणि चर्चा चाललीये भुर्जीच्या गाडीची. आठवीतल्या मुलीला बुलेटवाला भेटेल तेव्हा भेटेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा कुठलाही अलीकडचा अहवाल काढा, बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. अंधारातून उडी मारून येणाऱ्यासाठी मुलींना तयार करतात, आणि येणारा चहाला येतो.

माझंच सांगते. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, सातारा-पुणे एसटीत. शेजारच्या काकांनी माझी बॅग वर ठेवून दिली, कुठे शिकतेस विचारलं, शिरवळला चिक्की घेऊन दिली. खंबाटकी कधीच मागे पडला होता, कात्रजच्या अलीकडे त्यांचा हात माझ्या मांडीवर. मी कॉलेजातलं दहा दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर केलेलं होतं. कोपर बरगडीत कसं मारायचं ते येत होतं, जागाही अगदी तशीच होती. पण मी त्यांची चिक्की खाल्ली होती हो! तोंडातून शब्द निघेना. स्वारगेटपर्यंत खिडकीला चिकटून बसले आणि उतरताना त्यांनीच बॅग काढून दिली तर 'थँक्यू' म्हणाले. वीस वर्षं झाली, तो 'थँक्यू' अजून टोचतो.

म्हणून कुठला प्रकार शिकवायचा याआधी हे बघा की क्लासमध्ये तोंड उघडायला शिकवतात का. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅनडातला एक प्रयोग छापून आला होता. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली घेतल्या. साधारण निम्म्यांना १२ तासांचं प्रशिक्षण, उरलेल्यांना माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकंवाल्यांपैकी ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, प्रशिक्षणवाल्यांपैकी ५.२ टक्के. मारामारीचा भाग त्यात थोडाच होता. बराचसा वेळ ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका लवकर ओळखणं, त्याचं मन राखायची आपली खोड मोडणं आणि ठाम नकार देणं यावर.

मी भाचीबरोबर हे घरीच करते. मी काका व्हायचं, गोड बोलत सरकत जवळ यायचं, तिने 'हात काढा' म्हणायचं, मोठ्याने, न हसता. पहिल्या दिवशी तिचा आवाज मांजरीएवढा निघाला. माझाही.

गोदाकाठ:

सगळ्यांना एकत्रच लिहितो. कान ठीक आहे, पडदा शाबूत.

निळी ओढणी, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. गंमत म्हणजे आम्ही किआय, म्हणजे ठोशाबरोबरची आरोळी, रोज शंभरदा ओरडायचो, गल्ली दणाणायची. त्या पोराला 'मागे सरक' म्हणायला मात्र आवाज नव्हता. 'बापाचा' काढायला होता. मुलीबरोबर ते 'हात काढा' चालू केलंय. काका मी होतो. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदाही हसली. तिसऱ्यांदा एवढ्या जोरात ओरडली की बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली. मला त्यानंतर जरा वेळ बसावं लागलं, कारण तिने ते माझ्याकडे बघून म्हटलं होतं.

रात्रपाळी, स्केचपेन केलं. त्याला एक जोड दिली. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस डेनिस ट्युलर यांनी दाखवून दिलं होतं की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप लावून २१ फूट मोजले, लिफ्टच्या दारापासून पाटलांच्या स्विफ्टच्या मागच्या चाकापर्यंत. चांगलं लांब वाटतं. मुलगी पेन घेऊन पळत आली. मी पवित्र्यात उभा होतो, काय येणार ते मला माहीत होतं, तरी बनियनवर सात रेघा. त्यातली एक गळ्यावर. एक मनगट मी पकडलं, तेव्हा तिने पेन दुसऱ्या हातात घेतलं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

जुन्या सरांनाही भेटलो. सत्तरीत आहेत. चिडतील वाटलं होतं, पण शांत ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'तुला भांडायला कधी शिकवलं होतं मी? उभं राहायला शिकवलं.' हे मला तेवढं पटलं नाही. फीच्या पावतीवर मागे 'स्वसंरक्षण' छापलेलं असायचं, ते कुणी छापलं? पण चहा पिऊन निघताना त्यांनी विचारलं, 'दुसरा मुलगा कुठे उभा होता?' मी म्हणालो डावीकडे, थोडा मागे. 'आणि तू भिंतीकडे का नाही सरकलास?' याचं उत्तर नव्हतं. काकूळतीला आल्यासारखं 'हातात भुर्जी होती' म्हणालो.

काळा कोट, वाक्य मागे घेतो.

मुलीला ज्युडोला घातलं. तांबडी माती, रांदोरी अजून लांब आहे. पहिला महिना नुसतं पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, डोकं वर, हात गादीवर फाटकन आपटायचा. ती घरी आल्यावर हॉलमध्ये दिवसाला पन्नासदा पडते. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले. गादीखाली काय टाकलं तर आवाज कमी होईल?

तांबडी माती:

खाली काथ्याची गादी, वर कापसाची. आणि रात्री नऊच्या आत उरकायला सांग तिला, काकांचं पण बरोबर आहे.