मदत हवी आहे: पायथनमध्ये एंटर न मारता बाणाची कळ कशी वाचायची?

नमस्कार मंडळी,

नागपुरात धरमपेठेत मी सातवी-आठवीच्या मुलांना पायथन शिकवते. मुलं मेट्रोचा खेळ करताहेत. उजवा बाण दाबला की गाडी पुढच्या स्टेशनवर, डावा दाबला की मागे. ॲक्वा लाइनची स्टेशनं लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत यादीत टाकून झालीत. सीताबर्डी आलं की 'ऑरेंज लाइनसाठी इथे बदला' असंही येतं.

गाडं अडलंय ते कळ वाचण्यापाशी. टाइप केलेलं वाचणारं इनपुट हे फंक्शन एंटरची वाट बघत बसतं, त्यात खेळाची सगळी मजा जाते. माझ्या विंडोजवर एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलच्या गेटचनं जमलं. बाण दाबला की आधी २२४ येतो, मग उजव्याला ७७, डाव्याला ७५. पण वर्गातले संगणक उबुंटूवर आहेत, तिथे हे मॉड्यूलच नाही. तिथलं टर्मिनल हाताळणारं टर्मिऑस मॉड्यूल वापरलं तर एकाच बाणाची तीन अक्षरं येतात: एस्केप, चौकोनी कंस आणि सी किंवा डी. शिवाय प्रोग्राम मध्येच पडला की टर्मिनलवर टाइप केलेलं दिसेनासं होतं. रिसेट ही आज्ञा दिली की ठीक होतं, पण मुलं बावरतात हो.

दोन्हीकडे चालेल आणि मुलांना स्वतः वाचून समजेल, असं काही आहे का?

प्रतिसाद

ताई, टर्मिनलचा नाद सोडा, टर्टल घ्या, म्हणजे वेगळ्या खिडकीत चित्रं काढणारं मॉड्यूल. पायथनसोबतच येतं. उबुंटूवर मात्र पायथन३-टीके हे पॅकेज टाकावं लागू शकतं.

कळ दाबली की काय करायचं ते टर्टलच्या ऑनकीप्रेसला सांगायचं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: फंक्शन आणि कळीचं नाव, उजव्या बाणाला 'राइट'. फंक्शनच्या नावापुढे कंस टाकायचे नाहीत. टाकले तर ते तिथल्या तिथे चालून मोकळं होतं आणि नंतर बाण दाबला तरी गाडी ढिम्म. मुलं हमखास इथेच अडकतात, म्हणून फळ्यावर दोन्ही ओळी शेजारी-शेजारी लिहून दाखवा. मग लिसन, शेवटी खिडकी चालू ठेवणारं मेनलूप. लिसन राहिलं तर खिडकीला कळ पोचतच नाही. नुसतं ऑनकी लिहिलंत तर कळ सोडल्यावर गाडी हलते.

फंक्शनची नावं 'पुढे', 'मागे' अशी मराठीतच ठेवा, पायथन ३ ला चालतात.

आणि लोकमान्य नगरला असताना डावा बाण दाबून बघा. यादीत पहिल्या स्टेशनचा क्रमांक शून्य, त्यामुळे तो उणे १ होतो, पायथन यादीतलं शेवटचं नाव देतं आणि गाडी थेट प्रजापती नगरला! 'मागे'मध्ये आधी क्रमांक शून्याहून मोठा आहे का ते तपासायला लावा.