कबुतर शू करत नाही का? पाणी तर दिवसभर पिऊन राहिलं

गच्चीतली मी (मानेवाडा): नमस्कार, प्रश्न माझ्या सहावीतल्या लेकीचा आहे पण उत्तर मलाही पाहिजे. नागपूरचा मे तुम्हाला माहीतच आहे, पारा 45 च्या वर, म्हणून आम्ही गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवतो आणि दुपारपर्यंत कबुतरं ते संपवतात. कूलरवर त्यांची घाण रोज पुसावी लागते, पण ती पांढरी पेस्टसारखी, मधे थोडं काळं. लेक म्हणे आई, एवढं पाणी पितात तर शू कुठे करतात? मी तर कधीच पाहिली नाही. तुम्ही कोणी पाहिली का?

शंकरनगरची मॅडम: ताई, तुम्ही रोज पुसता ना, तीच त्याची शू! काळं ते विष्ठा, पांढरं ते लघवी, दोन्ही एकाच वाटेनं बाहेर येतात. प्रोटीन पचलं की नायट्रोजनचा कचरा उरतो, तो मुळात अमोनिया, आणि अमोनिया म्हणजे विषच. आपलं लिव्हर त्याचा युरिया करतं, तो पाण्यात विरघळवून आपण बाहेर टाकतो. पक्षी त्याचं युरिक ॲसिड करतात, जे पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पुस्तकातला हिशोब असा की 1 ग्रॅम नायट्रोजन बाहेर काढायला अमोनियाच्या रूपात साधारण 500 मिली पाणी लागतं, युरियाला 50 आणि युरिक ॲसिडला फक्त 10. ते बनवायला शरीराची ताकद जास्त जाते, पण पाणी वाचतं, आणि मूत्राशयाचं ओझं घेऊन उडावं लागत नाही, कबुतराला ते नसतंच.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते अंड्याचं. कवचाच्या आत पिल्लू बंद, कचरा टाकायला जागा नाही, अमोनिया साचला तर ते मरेल आणि युरिया साचला तरी आतल्या पाण्यात मिसळत जाईल, पण युरिक ॲसिडचे खडे एका कोपऱ्यात गुमान पडून राहतात. पोरीला हे नक्की सांगा.

गच्चीतली मी: मॅडम मस्त! पण मग प्यायलेलं पाणी जाते कुठे?

शंकरनगरची मॅडम: बरंचसं श्वासातून आणि कातडीतून वाफ होऊन जातं. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून दुपारी चोच उघडून गळा थरथरवत बसलेली दिसतात, ती अंग थंड करून राहिली असतात. आणि किडनीतून आलेली लघवी लगेच बाहेर पडत नाही, ती उलटी वर मोठ्या आतड्यात जाते आणि तिथं त्यातलं पाणी परत शोषलं जातं. त्यामुळे तुमचं ते भांडं रिकामं ठेवू नका, उन्हाळ्यात त्यांचं पाणी श्वासातून आणि कातडीतून उडून जातं.

फिशटँकवाला भाऊ: माशांचं एकदम उलटं आहे. त्यांच्याभोवती पाणीच पाणी, म्हणून ते अमोनिया सरळ कल्ल्यांतून सोडतात, त्याचं काही बनवायच्या भानगडीत पडत नाहीत. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपोआप घुसतं, म्हणून तो भरपूर पातळ लघवी करतो. समुद्रातल्याचं पाणी उलट बाहेर ओढलं जातं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मी पहिला टँक आणला तेव्हा फिल्टरमधे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया वाढायच्या आधीच दहा मासे सोडले, चार दिवसांत सगळे गेले, अमोनियानंच. अजून वाईट वाटतं.

सीताबर्डीचा: बाबांचं युरिक ॲसिड वाढलंय, डॉक्टर गाऊट म्हणाले. हेच ते का?

शंकरनगरची मॅडम: हाव, पदार्थ तोच. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे तोडणारं एन्झाइम असतं, माणसात आणि चिंपांझी-गोरिलासारख्या बिनशेपटीच्या वानरांत ते बंद पडलंय, म्हणून वाढलं की सांध्यात खडे होतात. औषधाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

गच्चीतली मी: लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती टॉर्च घेऊन ट्यूबलाइटखाली गेली आणि ओरडली, आई पालीच्या लेंडीलाही पांढरं टोक आहे! हे तेच का मॅडम?

शंकरनगरची मॅडम: तेच! शाबास पोरी.